यादीत नाव लागल्यानंतरची परीक्षा

हैदराबादमध्ये आर.टी.सी. क्रॉस रोड्सवरून अशोकनगरकडे वळलं की दोन्ही बाजूंना क्लासचे फलक, झेरॉक्सची दुकानं आणि मेसच्या पाट्या सुरू होतात. जवळच चिक्कडपल्लीची सिटी सेंट्रल लायब्ररी. तिथे सकाळी जागा धरायला रांग लागते. या गर्दीत नांदेड, लातूर, धाराशिव, चंद्रपूरकडची बरीच मराठी मुलं-मुली असतात. त्यातल्या बऱ्याच जणांना पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ, आणि गावातलं कुणीतरी इथे आधीच असतं. मी नोकरीमुळे या शहरात आलो आणि रविवारी या मुलांचे अर्ज, दाखले वाचून देता देता एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पूर्व, मुख्य आणि मुलाखत यावर सगळे तासन् तास बोलतात. पण या तिन्हींच्या आगेमागे आणखी दोन चाळण्या असतात, पात्रता आणि वैद्यकीय तपासणी, त्यावर कुणी अवाक्षर काढत नाही. अभ्यासाला त्याचं पुस्तक नाही, टेस्ट सिरीज नाही. म्हणून वाङ्मय मंडळाच्या अंकासाठी लिहा असं सांगणं आलं, तेव्हा कवितेऐवजी हाच विषय घ्यायचं ठरवलं.

आधी एक जुनी गोष्ट. १८६९ साली लंडनला इंडियन सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा चार हिंदी तरुण उत्तीर्ण झाले. रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी हे तिघे बंगालचे. चौथे मुंबईचे श्रीपाद बाबाजी ठाकूर. आपल्या पुस्तकांत पहिल्या तिघांची नावं येतात, चौथ्याचं सहसा येत नाही. निकालानंतर वयाचा वाद निघाला. वयोमर्यादा २१ ची होती. सुरेंद्रनाथांनी डिसेंबर १८६३ मध्ये मॅट्रिकच्या वेळी आपलं वय १६ लिहिलं होतं. आयोगाने हिशेब केला की तेव्हा १६ पूर्ण, म्हणजे आता २१ उलटून गेली. सुरेंद्रनाथांचा जन्म १० नोव्हेंबर १८४८ चा. आपल्याकडे तेव्हा 'सोळावं लागलं' की वय सोळा सांगत. खरं तर पंधराच पूर्ण झालेली असत. सुरेंद्रनाथ आणि ठाकूर, दोघांचीही नावं यादीतून काढली गेली.

पुढे काय झालं ते महत्त्वाचं आहे. सुरेंद्रनाथ लंडनच्या क्वीन्स बेंच न्यायालयात गेले. मुद्दा एकच मांडला: वय मोजण्याची आमची रीत वेगळी आहे, आम्ही खोटं बोललेलो नाही. शेवटी दोघांचीही नावं परत यादीत आली आणि ठाकुरांनी मुंबई इलाख्यात नोकरी केली. पात्रतेविरुद्धचं हे अपील दीडशे वर्षांपूर्वीचं, आणि त्यात एक मराठी माणूस होता. त्यातली मेख आजही तशीच आहे. उमेदवार चांगला की वाईट हा प्रश्नच नव्हता. कुठल्या कागदावरचा आकडा धरायचा आणि तो कसा वाचायचा, एवढाच प्रश्न होता.

आज हा घोळ होऊ नये म्हणून केंद्रीय लोकसेवा आयोगाने नियम सोपा आणि कडक केला आहे. जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावरची. जन्मपत्रिका, प्रतिज्ञापत्र, महापालिकेचा जन्मनोंदीचा उतारा यांतलं काही चालत नाही. पत्रिका चालणार नाही हे आयोगाच्या जाहिरातीत शब्दशः लिहिलेलं असतं. मुलं ते वाचून हसतात. आता त्यामागची गोष्ट तुम्हाला कळली. वय परीक्षेच्या वर्षीच्या १ ऑगस्टला मोजतात. खुल्या गटाला २१ ते ३२ आणि सहा प्रयत्न. इतर मागासवर्गीयांना तीन वर्षं सवलत आणि नऊ प्रयत्न. अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षं सवलत आणि वयोमर्यादेपर्यंत हवे तेवढे प्रयत्न. दिव्यांगांना दहा वर्षं सवलत. दहावीच्या प्रमाणपत्रावर तारीख चुकली असेल तर ती बोर्डाकडून आत्ताच दुरुस्त करून घ्या. अर्ज भरल्यावर ती दुरुस्ती मागायला गेलात तर फार उशीर झालेला असतो.

दाखल्यांचंही तसंच. दाखला खरा असून भागत नाही, तो ठरलेल्या तारखेच्या आतला लागतो. २०२२ च्या नागरी सेवा परीक्षेत काही उमेदवारांचे आर्थिक दुर्बल घटकाचे दाखले अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतरचे किंवा चुकीच्या आर्थिक वर्षाचे निघाले. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने आयोगाची बाजू उचलून धरली: पात्रता ठरलेल्या तारखेला हातात हवी. इतर मागासवर्गीयांनी आणखी एक पाहायचं. आपल्या तहसीलमधून राज्याच्या नमुन्यातला नॉन क्रिमीलेअर दाखला मिळतो. केंद्राच्या नोकरीला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, आणि तुमची जात केंद्राच्या यादीत आहे का हेही बघावं लागतं. दोन्ही याद्या नेहमी सारख्या नसतात. उत्पन्नाची मर्यादा आठ लाखांची आहे, पण त्यात आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. हे ठाऊक नसल्यामुळे काही पात्र मुलं स्वतःच खुल्या गटात अर्ज करतात. पालक कुठल्या दर्जाच्या पदावर आहेत, हे मात्र वेगळं तपासलं जातं.

हैदराबादच्या मराठी घरांना यात एक जास्तीची गाठ आहे. आजोबा नांदेडचे, वडील हैदराबादला स्थायिक, मुलगी इथेच जन्मली; मग जातीचा दाखला कुठला? याचं उत्तर देणारा निकाल गंमत म्हणजे उलट्या वाटेने आला. आंध्रातल्या तेनालीत जन्मलेला एक मुलगा वडिलांच्या नोकरीमुळे मुंबईत वाढला. आंध्रात त्याचा समाज अनुसूचित जमातीत होता. मुंबईत वैद्यकीय प्रवेशासाठी त्याने तीच सवलत मागितली. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एका राज्यातली मागासवर्गाची ओळख दुसऱ्या राज्यात आपोआप लागू होत नाही. म्हणजे आपल्या नांदेडच्या घराण्यातल्या मुलीला तेलंगणाच्या नोकरीत ती सवलत नाही. पण केंद्राच्या नोकरीत ती महाराष्ट्राच्या नावाने हक्क सांगू शकते, वडिलांच्या मूळ गावच्या दाखल्याच्या आधारे. ती कागदपत्रं गावाकडच्या कपाटात असतात. दिवाळीला गेलात की काढून आणा.

तेलंगणाच्या राज्यसेवेला बसणार असाल तर 'स्थानिक' कोण हेही ठरवावं लागतं. २०१८ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे जिल्हा, झोन आणि मल्टी-झोन पातळीवरच्या थेट भरतीत ९५ टक्के जागा स्थानिकांना आहेत, आणि स्थानिकपण मुख्यतः पहिली ते सातवी तुम्ही कुठे शिकलात यावरून ठरतं. त्यातली किमान चार वर्षं त्या भागात झालेली हवीत. आधार कार्डावर हैदराबादचा पत्ता असून उपयोग नाही, शाळेचा दाखला बोलतो. या भानगडीला इथे जुना इतिहास आहे. निजामाच्या १९१९ च्या मुलकी नियमांत नोकरीसाठी १५ वर्षांचं वास्तव्य लागे. तेव्हा मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे औरंगाबादचा माणूस इथे मुलकी ठरायचा. आज त्याचाच पणतू परका ठरतो. वाईट वाटतं, पण अर्ज भरताना ते बाजूला ठेवून रकाना बरोबर भरावा लागतो.

आता वैद्यकीय तपासणी. नागरी सेवा परीक्षेचे नियम दरवर्षी राजपत्रात येतात आणि शेवटी वैद्यकीय तपासणीचं एक लांबलचक परिशिष्ट असतं. ते कुणी वाचत नाही. मुलाखतीनंतर दुसऱ्याच कामाच्या दिवशी दिल्लीतल्या सरकारी रुग्णालयात तपासणी सुरू होते, म्हणजे वाचायला तेव्हा वेळही नसतो.

त्या परिशिष्टात तपासणी का घेतात ते सांगितलं आहे. सरकारला दोन गोष्टी हव्यात: माणूस सलग, नीट काम करू शकेल का, आणि त्याला लवकर पेन्शनवर पाठवायची किंवा अकाली मृत्यूमुळे पैसे द्यायची वेळ येणार नाही ना. पुढे असंही म्हटलं आहे की एखादा दोष फार थोड्या लोकांच्या बाबतीत कामात अडथळा आणत असेल, तर तेवढ्यावरून उमेदवाराला नाकारायची गरज नाही. ही ओळ तुमच्या बाजूची आहे, लक्षात ठेवा. 'शरीरात दोष आहे का' असं नियम विचारतच नाही. 'या दोषामुळे हे काम अडेल का' असं विचारतो.

म्हणूनच सगळ्या सेवांना एकच मोजपट्टी नाही. पोलीस सेवेसारख्या सेवा तांत्रिक गटात मोडतात. तिथे पुरुषांना १६५ आणि स्त्रियांना १५० सेंटिमीटर उंची लागते; अनुसूचित जमाती आणि गोरखा, गढवाली वगैरे काही समाजांना १६० आणि १४५. छाती पुरुषांची ८४, स्त्रियांची ७९ आणि दोघांनाही ५ सेंटिमीटर फुगवता आली पाहिजे. रंग ओळखता आले पाहिजेत. बाकीच्या बहुतेक सेवांना ही मोजमापं नाहीत. रंगांधळा मुलगा पोलीस सेवेत जाणार नाही, पण कलेक्टर होऊ शकतो. त्यामुळे सेवांचा पसंतिक्रम भरण्याआधी आपल्या गावच्या डॉक्टरकडून डोळे, कान, उंची, रक्तदाब एकदा तपासून घ्या. पाच-सातशे रुपयांचं काम आहे, आणि पसंतिक्रम नंतर बदलता येत नाही.

निकाल चार प्रकारचा येतो: पात्र, काही सेवांसाठी अपात्र, तात्पुरता अपात्र, अपात्र. यातला तिसरा शब्द फार जणांना फसवतो. उदगीरकडचा एक मुलगा माझ्या ओळखीचा. मुलाखत चांगली गेली, दुसऱ्या दिवशी तपासणी. रात्री त्याचा फोन, "दादा, माझं संपलं." घरी कळवलंच नव्हतं त्याने. म्हटलं, कागदाचा फोटो पाठव. कागदावर रक्तदाबाचा आकडा होता आणि 'तात्पुरता अपात्र' असे दोन शब्द. त्याला फक्त 'अपात्र' दिसलं होतं. नियम असा आहे की रक्तदाब १४०/९० च्या वर गेला तर तो संशयास्पद धरायचा, पण अंतिम मत देण्याआधी तो घाबरल्यामुळे चढला की खरंच आजार आहे हे बघायचं. नियम लिहिणाऱ्यालाही माहीत होतं की ज्या पोराचं सगळं आयुष्य टेबलावर आहे त्याचा रक्तदाब चढणारच! तात्पुरत्या अपात्राला उपचारानंतर पुन्हा बोलावतात, आणि ही मुदत साधारणपणे सहा महिन्यांपेक्षा जास्त नसावी असंही लिहिलं आहे. उदगीरच्या पोराने रोज चालणं सुरू केलं, मीठ कमी केलं, हृदयरोगतज्ज्ञाकडे गेला. पुढच्या तपासणीत पात्र ठरला. आईला सगळं एकदमच सांगितलं.

आता सर्वांत अवघड भाग. प्रांजल पाटील उल्हासनगरच्या. लहानपणीच दृष्टी गेली, मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये राज्यशास्त्र शिकल्या, पुढे जे.एन.यू. २०१५ च्या नागरी सेवा परीक्षेत त्यांना ७७३ वा क्रमांक मिळाला आणि रेल्वेची लेखा सेवा मिळाली. मग कळलं की पूर्ण अंधत्वामुळे रेल्वे त्यांना घेणार नाही. परीक्षा पास, मुलाखत पास, सेवा ठरली, आणि तिथून नकार. पुढच्याच परीक्षेत त्यांनी १२४ वा क्रमांक मिळवला, भारतीय प्रशासकीय सेवेत केरळ केडर मिळालं, आणि २०१९ मध्ये त्या तिरुवनंतपुरमच्या सब-कलेक्टर झाल्या.

इरा सिंघल यांची गोष्ट तर हैदराबादशी जोडलेली आहे. पाठीच्या कण्याच्या विकारामुळे २०१० च्या परीक्षेनंतर त्यांना महसूल सेवा नाकारली. कारण दिलं की ढकलणं, ओढणं, उचलणं जमणार नाही. करवसुलीच्या अधिकाऱ्याला काय ढकलायचं असतं, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्यांनी तो केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे 'कॅट'मध्ये, विचारला. निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि त्यांची पहिली नेमणूक झाली ती हैदराबादला. दरम्यान त्यांनी परीक्षा देणं थांबवलं नव्हतं. २०१४ च्या परीक्षेत त्या देशात पहिल्या आल्या.

या नकारांचं मूळ एका तक्त्यात आहे. कुठल्या सेवेत कुठल्या प्रकारचं दिव्यांगत्व चालेल आणि कुठल्या शारीरिक क्रिया लागतील, याची यादी नियमांसोबत जोडलेली असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४ टक्के आरक्षण दिलं आणि त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा निकष ठेवला; पण सेवावार यादी त्या त्या खात्याच्या कल्पनेवर चालते. अर्ज करण्याआधी आपलं दिव्यांगत्व कुठल्या सेवेच्या रकान्यात बसतं ते वाचा.

न्याय मिळतो, पण किती उशिरा, हेही लपवून ठेवायला नको. २००८ ची परीक्षा दिलेल्या पंकज श्रीवास्तव या पूर्ण अंध उमेदवाराला नियुक्ती द्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश जुलै २०२४ मध्ये आला. मधली वर्षं मोजा. त्याच जुलैमध्ये पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या दाखल्यांवरून देशभर वादळ उठलं आणि ३१ जुलैला आयोगाने ती उमेदवारी रद्द केली. दरम्यान, उमेदवारी रद्द होण्याआधीच, हैदराबादेत एका ज्येष्ठ अधिकाऱ्याने या सेवांत दिव्यांगांना आरक्षण हवंच कशाला, असं जाहीरपणे विचारलं. स्वतः दिव्यांग असून ही परीक्षा उत्तीर्ण झालेल्या आणि इथेच मुलांना शिकवणाऱ्या बाललता यांनी पत्रकार परिषद घेऊन त्याला उत्तर दिलं. अशोकनगरात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. एका दाखल्यावरच्या संशयाची किंमत खऱ्या दिव्यांगांना मोजावी लागते, हे आम्ही तेव्हा समोर पाहिलं. म्हणून तपासणी कडक असण्याला माझी हरकत नाही. ती कडक असावी आणि तिचं कारणही लेखी मिळावं.

तर नकार आला की काय करायचं? क्रमाने सांगतो.

पहिलं, कागद नीट वाचा: कुठल्या सेवेसाठी नकार, कुठल्या कारणाने, कायमचा की तात्पुरता. कारण लिहिलेलं नसेल तर लेखी मागा. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत अर्ज होतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण अपिलाची मुदत त्याआधीच संपते, तेव्हा उत्तराची वाट पाहत बसू नका.

दुसरं, अपील मंडळाकडे अर्ज. याची मुदत दिवसांत मोजतात, महिन्यांत नाही. सोबत तज्ज्ञ डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडायचं असतं, आणि इथे एक बारीक अट आहे जी हमखास सुटते. केंद्राच्या वैद्यकीय नियमांप्रमाणे त्या डॉक्टरने स्पष्ट लिहावं लागतं की, वैद्यकीय मंडळाने या उमेदवाराला आधीच अपात्र ठरवलं आहे हे मला माहीत असून मी हे प्रमाणपत्र देत आहे. ही ओळ नसेल तर मोठ्यात मोठ्या डॉक्टरचा कागदही विचारात घेत नाहीत.

तिसरं, कॅट. हैदराबाद आणि मुंबई दोन्हीकडे पीठ आहे. आधी खात्याकडे दाद मागितलेली असावी लागते. अंतिम आदेशापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. अर्जाची फी पन्नास रुपये; वकिलाचं अर्थातच वेगळं. त्यानंतर उच्च न्यायालय.

चौथं, आणि हे मी प्रत्येकाला सांगतो: अपील एका हाताने करा, अभ्यास दुसऱ्या हाताने चालू ठेवा. प्रांजल पाटील आणि इरा सिंघल, दोघींनीही तेच केलं. अपिलाचा निकाल तुमच्या हातात नसतो, पुढच्या परीक्षेची तयारी असते.

वाङ्मय मंडळाचे सभासद म्हणून शब्दांकडे बघायची आपल्याला सवय आहे. 'अपात्र' हा शब्द सरकारी कागदावर कधीच एकटा नसतो. त्याच्या मागेपुढे कशासाठी, कधीपर्यंत, कुठल्या नियमाने हे सगळं असतं. घाबरलेला माणूस मधलाच शब्द वाचतो. तेव्हा शेजारी बसून उरलेलं वाक्य वाचून दाखवणारं कुणी असलं, तर निम्मं अपील तिथेच झालेलं असतं. तुमच्या हॉस्टेलमध्ये पुढच्या वेळी कुणाला असा कागद आला, तर ते काम तुम्ही करा.